घंटा एकदाच वाजते

सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली कितीतरी घरे सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी देशभर पांगली आहेत. त्यांना गलाईवाले म्हणतात. माझे मामा त्यांपैकीच एक. त्यांचे दुकान म्हैसूरला, अशोका रोडच्या मागच्या गल्लीत आहे. दुकान म्हणजे एक भट्टी, काही मुशी, तेजाबाच्या बरण्या आणि काचेच्या पेटीत ठेवलेला एक इलेक्ट्रॉनिक काटा. सोनार जुने दागिने आणतात. मामा ते वितळवून लगड करतात, टंच काढतात आणि सोने परत देतात. या सगळ्यात दोन वजने महत्त्वाची असतात, वितळण्याआधीचे आणि वितळल्यानंतरचे. दोन्ही चिठ्ठीवर लिहून गिऱ्हाइकाला दिली जातात. मामा प्रत्येक वजन काट्यावर वाचून मोठ्याने म्हणतात आणि मग कानडीत विचारतात, "सरी इदेया?" म्हणजे, बरोबर आहे ना? गिऱ्हाइकाने मान हलवल्याशिवाय दागिना मुशीत जात नाही, कारण एकदा वितळला की तो पुन्हा मोजता येत नाही.

यंदाच्या सुट्टीत मी तीन आठवडे तिथे होतो. मामांची मुलगी, माझी ताई, म्हैसूरलाच इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने प्रोजेक्ट म्हणून एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली होती. विंडोज किंवा लिनक्सपुढे ती अगदी खेळण्यासारखी होती, पण एका जुन्या संगणकावर ती स्वतःच्या पायावर उभी राहत होती. मामांचे चिठ्ठी छापणारे यंत्र बंद पडल्यावर ताई म्हणाली, "पप्पा, माझी सिस्टिम काट्याला जोडून बघूया. वजन थेट संगणकात येईल आणि चिठ्ठी आपोआप छापली जाईल." मामांनी एका अटीवर परवानगी दिली. काट्यावरचा आकडा तेच वाचणार आणि चिठ्ठी त्याच्याशी ताडून बघितल्याशिवाय कोणाच्या हातात देणार नाहीत.

काटा आणि संगणक यांच्यामध्ये नऊ पिनांची एक केबल होती. याला सिरियल पोर्ट म्हणतात. आरएस-२३२ हे त्याचे मानक १९६० साली आले. आज घरच्या लॅपटॉपवर हा पोर्ट दिसत नाही, पण वजनकाटे, कारखान्यांतली यंत्रे आणि प्रयोगशाळेतली उपकरणे अजून त्यावरच बोलतात. सिरियल म्हणजे एकामागून एक. आपण मेसच्या दारातून जसे एका रांगेत आत जातो, तसे एकाच तारेवरून एका वेळी एक बिट जाते. मामांच्या काट्याचा वेग ९६०० होता, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट. एका अक्षराला सुरुवातीचा एक, अक्षराचे आठ आणि शेवटचा एक असे दहा बिट लागतात. त्यामुळे एका अक्षराला साधारण एक मिलिसेकंद लागतो. काटा सेकंदाला दहा वेळा बारा अक्षरांची एक ओळ पाठवत असे. त्या ओळीत चिन्ह, वजन आणि ग्रॅमची खूण असे.

संगणकाच्या बाजूला ही अक्षरे उचलून घेणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. तो सतत दाराशी उभा नसतो. अक्षर आले की पोर्टची चिप घंटा वाजवते, तिला इंटरप्ट म्हणतात. घंटा वाजली की प्रोसेसर हातातले काम थांबवतो, ड्रायव्हर धावत येतो, अक्षर उचलतो आणि परत जातो.

पहिले दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी एक बाई आल्या. मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती म्हणून त्यांनी जुन्या बांगड्या आणल्या होत्या. मामांनी बांगड्या काट्यावर ठेवल्या आणि मोठ्याने वाचले, "हन्नोंदु ग्रॅम...", म्हणजे अकरा ग्रॅम. काट्यावर ११.९२० होते. ताईने बटण दाबले आणि चिठ्ठी बाहेर आली. तिच्यावर ८.६४० छापले होते.

मामांनी चिठ्ठी हातातच दाबून ठेवली. ८.६४० हे त्यांच्या आधी आलेल्या सोनाराच्या अंगठ्यांचे वजन होते. संगणकाच्या पडद्यावरही तोच आकडा ठाण मांडून बसला होता. मामांनी हाताने नवी चिठ्ठी लिहिली, बाईंना काट्यावरचा आकडा पुन्हा दाखवला आणि त्या गेल्यावर म्हणाले, "तीन ग्रॅमच्या वर फरक हाय. त्या बाईनं काटा बघितला न्हाई, माझ्या तोंडाकडं बघितलं. काट्याला दरसाल वजनमापे खात्याचा शिक्का लागतोय, तुझ्या यंत्राला कुणाचा शिक्का हाय?" ताईचा चेहरा उतरला. मामांनी केबल काढली नाही, पण दोष सापडेपर्यंत चिठ्ठी हातानेच लिहायची असे ठरले.

आकडा चुकीचा असता, म्हणजे एखादे चिन्ह गळले असते किंवा भलताच आकडा आला असता, तर कोणालाही शंका आली असती. पण ८.६४० हा अगदी नीटनेटका आकडा होता. तो थोड्या वेळापूर्वी खराही होता. फक्त आता तो दुसऱ्याच माणसाचा होता. मला या गोष्टीची त्या दिवशी खरी भीती वाटली.

रात्री दुकान बंद झाल्यावर आम्ही दोघे बसलो. ताईला वाटत होते की पडद्यावर आकडा काढणाऱ्या भागात दोष असेल. मला तिचा प्रोग्रॅम फारसा कळत नव्हता. सी भाषेची तोंडओळख होती, तेवढीच. पण शाळेत नोंदवही कशी ठेवायची हे आपल्याला पाचवी-सहावीपासून शिकवतात. मी एका वहीत रकाने आखले: वेळ, काट्यावरचा आकडा, पडद्यावरचा आकडा आणि त्याआधी काय केले. ताई वेगवेगळी वजने ठेवत गेली आणि मी लिहीत गेलो. नुसती वजने ठेवत राहिलो तर अर्ध्या तासात एकदाही आकडा गोठला नाही. चिठ्ठ्या छापायला लागलो तेव्हा गोठू लागला. कधी दहा चिठ्ठ्यांत एकदा, कधी लागोपाठ दोनदा. चौथ्या पानावर येईपर्यंत एक गोष्ट स्पष्ट झाली. जेव्हा जेव्हा आकडा गोठला, त्याच्या लगेच आधी चिठ्ठी छापली होती. एकही अपवाद नव्हता.

ताईने वही पाहिली आणि बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "छापताना मी इंटरप्ट बंद ठेवते." प्रिंटरला एक ओळ देताना मध्ये दुसरे काम घुसू नये म्हणून तिने काही मिलिसेकंद घंटा ऐकणेच थांबवले होते. अक्षर तर दर मिलिसेकंदाला एक येते. सुरुवातीला यामुळे ओळीतला एखादा आकडा गळत असे, म्हणून तिने चिपमधली एक सोय चालू केली होती. या चिपचे नाव १६५५०ए. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीत ८२५० ही चिप होती आणि तिच्यात आलेले एकच अक्षर थांबू शकत असे. ते उचलायच्या आत दुसरे आले की पहिले गेले. नंतरच्या १६५५० मध्ये सोळा अक्षरांची रांग दिली, पण त्या रांगेतच दोष निघाला. तो १६५५०ए मध्ये दुरुस्त झाला. ताईने ही सोळा खणांची रांग चालू केल्यावर आकडे गळणे थांबले होते. आता गोठणे सुरू झाले होते.

मग आम्ही आकडा मुद्दाम गोठवला. ताईने पोर्टमध्ये शिल्लक काय आहे ते बघायची एक कमांड लिहिली. ती चालवली तर आतून सोळा अक्षरे निघाली. दुसऱ्यांदा गोठवले, पुन्हा सोळा. तिसऱ्यांदाही सोळा. आणि कमांड चालवली की पोर्ट आपोआप पुन्हा जिवंत होत होता. म्हणजे काटा बोलत होता, केबल ठीक होती आणि अक्षरे संगणकाच्या दारापर्यंत पोचत होती. सोळाही खण भरले होते आणि त्यांना उचलायला कोणी येतच नव्हते.

का येत नव्हते, हे ताईने मला घराच्या दारावरच्या बेलचे उदाहरण देऊन सांगितले. टिंग-टाँग बेलचे बटण दाबले की 'टिंग' वाजते आणि सोडले की 'टाँग'. बटण कोणी दाबूनच धरले तर बेल पुन्हा वाजत नाही. जुन्या पीसीत इंटरप्ट ऐकणारी चिप अशीच असते. तार खालून वर गेली की तिला घंटा ऐकू येते. तार वरच राहिली तर तिच्या दृष्टीने काही नवीन घडलेले नसते. आणि पोर्टची चिप तार वरच धरून ठेवते, जोपर्यंत रांगेत एक तरी अक्षर आहे तोपर्यंत.

आता वहीतल्या नोंदी डोळ्यांपुढे ठेवल्या तर सगळे जुळत होते. छपाई चालू आहे, घंटा ऐकणे बंद आहे. तेवढ्यात काट्याकडून एकाऐवजी तीन अक्षरे आली. छपाईची ओळ संपली, ड्रायव्हर धावत आला, एक अक्षर उचलले आणि गेला. दोन अजून आतच आहेत, म्हणून तार वरच आहे. तार वरच आहे, म्हणून नवी घंटा नाही. घंटा नाही, म्हणून ड्रायव्हर पुन्हा येत नाही. पुढची अक्षरे येत राहतात, सोळा खण भरतात आणि त्यानंतरची वाया जातात. पडद्यावर मात्र शेवटचा पूर्ण मिळालेला आकडा शांतपणे उभा राहतो. प्रत्येक छपाईत हे होत नव्हते, कारण काटा एक ओळ पाठवून उरलेला वेळ गप्प असतो. छपाई त्या शांत वेळात झाली तर काहीच बिघडत नसे.

मी विचारले, "ताई, तो एकच का उचलतो? जायच्या आधी आत अजून आहे का, हे का विचारत नाही?"

ती हसली. "कारण मी हे लिहिले तेव्हा आत एकच मावत होते."

मला हे फार पटले. तिने लिहिलेली ओळ त्या दिवशी बरोबर होती. नंतर तिच्या भोवतालची परिस्थिती बदलली, एकाऐवजी सोळा खण झाले, आणि ओळ तशीच राहिली. तिने की-बोर्ड माझ्याकडे सरकवला. ड्रायव्हरमध्ये लिहिले होते 'इफ', म्हणजे अक्षर आले असेल तर उचल. तिथे मी 'व्हाइल' लिहिले, म्हणजे अक्षरे आहेत तोपर्यंत उचलत राहा. सगळी दुरुस्ती एका शब्दाची होती. त्या शब्दापर्यंत पोचायला आम्हाला चार रात्री लागल्या.

नंतर ताईने मला एक्सव्ही६ ही ऑपरेटिंग सिस्टिम दाखवली. ती अमेरिकेतल्या एमआयटीत विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी लिहिलेली आहे. तिच्यातही येणारी अक्षरे संपेपर्यंत उचलणारा 'व्हाइल' आहे. लिनक्सचा सिरियल ड्रायव्हर तर याच्या पुढे जातो. तो एका खेपेत २५६ अक्षरांपर्यंत उचलतो आणि सगळे पोर्ट शांत झाले आहेत का हे पुन्हा पुन्हा फिरून पाहतो. पण फेऱ्यांनाही मर्यादा आहे. एखादी बिघडलेली चिप सारखी ओरडतच राहिली तर ड्रायव्हर 'या इंटरप्टचे काम फार झाले' असा संदेश लिहून बाहेर पडतो, नाहीतर अख्खा संगणक तिथेच अडकेल. ताईनेही आपल्या 'व्हाइल'ला अशी मर्यादा घातली. गंमत म्हणजे लिनक्सची सुरुवातच सिरियल पोर्टपासून झाली. हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स १९९१ साली घरून मोडेमने विद्यापीठाच्या संगणकाशी बोलण्यासाठी एक प्रोग्रॅम लिहीत होता. त्याचे एक काम की-बोर्डची अक्षरे मोडेमला देण्याचे आणि दुसरे मोडेमची अक्षरे पडद्यावर आणण्याचे. तो प्रोग्रॅम वाढत वाढत ऑपरेटिंग सिस्टिम झाला.

दुरुस्तीनंतर आम्ही दोनशे वजने केली, प्रत्येकाची चिठ्ठी छापली आणि प्रत्येक आकडा वहीत काट्याशी ताडून पाहिला. एकदाही गोठले नाही. आम्ही वही घेऊन मामांकडे गेलो. मामांनी सगळी पाने उलटली आणि एकच प्रश्न विचारला, "उद्या केबल निघाली तर पडद्यावर काय दिसंल?"

आम्ही केबल काढून पाहिली. पडद्यावर शेवटचा आकडा तसाच होता.

मामा म्हणाले, "आरं, ठाऊक नसंल तर गप बसायला शिकव की त्याला."

खरे तर आम्ही गोठण्याचे एक कारण काढले होते. गोठलेला आकडा ताजा म्हणून दाखवायची सवय तशीच होती. त्या रात्री ताईने दोन गोष्टी घातल्या. पहिली, प्रत्येक वजनाबरोबर ते कधी आले याची वेळ ठेवायची. एक सेकंदाहून जुने झाले की पडद्यावर आकड्याऐवजी नुसत्या आडव्या रेघा येतील आणि चिठ्ठी छापलीच जाणार नाही. दुसरी, चिपमध्ये एक खूण असते. रांग भरून एखादे अक्षर वाया गेले की ती उभी राहते. आधी ड्रायव्हर त्या खुणेकडे बघतच नव्हता. आता ती दिसली की ती अख्खी ओळ टाकून द्यायची. सेकंदाच्या दहाव्या भागात पुढची ओळ येतेच. छपाईच्या वेळी इंटरप्ट बंद ठेवण्याचा काळही तिने कमी केला.

मी निघायच्या आदल्या दिवशी चिठ्ठ्या पुन्हा संगणकावर सुरू झाल्या. मामा अजूनही काट्यावरचा आकडा मोठ्याने वाचतात आणि चिठ्ठी ताडून मगच देतात. ताईला ते आता टोचत नाही. ती म्हणते, पप्पांचा डोळा हाच माझ्या सिस्टिमचा शेवटचा ड्रायव्हर आहे.

शाळेत परत आल्यावर मी रोजच्या गोष्टींकडे थोडा वेगळा बघायला लागलो. रात्रीच्या गिनतीला ड्यूटी कॅडेट "सगळे हजर" असा रिपोर्ट देतो. तो आत्ता मोजून दिलेला असतो की संध्याकाळी खेळाच्या वेळी मोजलेला आकडाच पुढे सरकलेला असतो? ऐकणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात. उस्ताद नेहमी सांगतात की संत्री ड्यूटीवर एकाला ओळख विचारून सोडले की काम संपले असे समजू नका, त्याच्या मागे अजून कोणी आहे का ते बघा. आधी ते मला फक्त शिस्तीचे वाक्य वाटायचे. आता मला सोळा भरलेले खण दिसतात आणि एकच अक्षर उचलून निघून जाणारा ड्रायव्हर दिसतो.

उद्या आपल्यापैकी बरेच जण अशा यंत्रांसमोर बसतील जिथे आकडा म्हणजे अंतर असेल, उंची असेल किंवा माणसांची संख्या असेल. ती यंत्रे आमच्या जुन्या संगणकापेक्षा कितीतरी चांगली असतील. तरी पडद्यावरचा आकडा बरोबर आहे का, याच्या आधी तो कधीचा आहे हे विचारावे असे मला वाटते. आणि कोणी आपल्याला विचारले व आपल्याला माहीत नसेल, तर जुनाच आकडा न देता "सर, आत्ता माहीत नाही, बघून सांगतो" म्हणावे. ते म्हणताना लाज वाटते, मला अजूनही वाटते. पण त्या बाईंच्या बांगड्यांचे वजन ११.९२० होते. चिठ्ठीवर त्या जागी आडव्या रेघा आल्या असत्या, तर मामांनी फक्त पुन्हा वजन केले असते.